अपघाताची चौकशी हवी, नुसती चालकाची धरपकड नको



रेल्वेत प्रवासी गाडीला अपघात होऊन माणूस दगावला की रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याने त्यांना तो अधिकार दिला आहे. ते रूळ मोजतात, सिग्नलच्या नोंदी तपासतात, ड्यूटीचे रोस्टर मागवतात, गेटमनपासून कंट्रोलरपर्यंत सगळ्यांच्या साक्षी घेतात. त्यांचा अहवाल आपल्याला पटो वा न पटो, "हे का घडले" हा प्रश्न निदान विचारला जातो. रस्त्यावर ट्रकच्या अपघातात दहा माणसे मेली तर पोलीस येतात, पंचनामा होतो, चालक जिवंत सापडला तर अटक होते, मेला तर कागदावर तो मयत आरोपी होतो. क्रेनने सांगाडा बाजूला ओढला, वाहतूक सुरू झाली, प्रकरण मिटले. पुढच्या महिन्यात त्याच वळणावर दुसरा ट्रक उलटतो आणि दुसरा चालक आरोपी होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६१ माणसे. रेल्वेत एका दिवसात इतकी माणसे गेली असती तर संसद बंद पडली असती, मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली असती. रस्त्यावर मात्र हे रोजचेच म्हणून खपते. सरकार त्यावर उत्तर देते, ते एका शब्दात: चालक.

या उत्तराला आमचा विरोध आहे. का, ते नीट मांडले पाहिजे.

आपल्याला हे नाटक ठाऊक आहे

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ कंचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली. मृतांमध्ये मालगाडीचा लोको पायलटही होता. वैधानिक चौकशी सुरू होण्याआधी, त्याच दिवशी, त्याने सिग्नल पाळला नाही असे रेल्वे बोर्डाकडून सांगून झाले. मेलेला माणूस खुलासा देत नाही, ही मोठी सोय असते. पुढच्याच महिन्यात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा प्राथमिक अहवाल आला. स्वयंचलित सिग्नल बिघडलेले असताना चालकांना दिलेले टी/ए ९१२ हे अधिकारपत्र त्या परिस्थितीला योग्य नव्हते, अशा वेळी गाडी कशी चालवायची याचे प्रशिक्षण चालकांना आणि स्टेशन मास्तरांना पुरेसे दिलेले नव्हते, अनेक पातळ्यांवर ढिलाई होती आणि असा अपघात केव्हा ना केव्हा होणारच होता, असे त्यात निघाले. आयोग नसता तर त्या लोको पायलटच्या नावावर तो डाग कायमचा राहिला असता.

हा आयोग स्वतंत्र का आहे, हेही लक्षात घ्यावे. १९४१ साली रेल्वे निरीक्षकांची यंत्रणा रेल्वे बोर्डापासून तोडून त्या वेळच्या टपाल व हवाई खात्याखाली देण्यात आली. आज हा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जो गाडी चालवतो त्यानेच आपल्या अपघाताची चौकशी करू नये, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. रस्त्यावर हे तत्त्व कुठे आहे? रस्ता बांधणारे मंत्रालय एकच, टोलचा ठेका देणारे तेच, आणि अपघातांचा वार्षिक अहवाल छापणारेही तेच.

त्या अहवालात वाहतूक नियमभंगाचे एक कोष्टक असते. अतिवेग, दारू पिऊन चालवणे, चुकीच्या बाजूने जाणे, लाल दिवा तोडणे, मोबाईल आणि इतर. २०२२ च्या अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या अतिवेगाच्या ओळीत बसवले आहेत. या कोष्टकात थकव्याला ओळ नाही. पोलीस हवालदार घटनास्थळी येतो तेव्हा वाहने थंड पडलेली असतात. वेग किती होता हे त्याने कशाने मोजले? चालक किती तास झोपला नव्हता हे त्याला कोणी विचारायला सांगितले? जो प्रश्न छापील नमुन्यातच नाही, त्याचे उत्तर देशाच्या आकड्यांत कसे येणार?

जयपूरचा धडा

जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यालगत प्रतापनगर ही राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली मोठी वसाहत आहे. देशातल्या अनेक शहरांसारखीच इथली रचना आहे: एका बाजूला वस्ती, शाळा, बाजार आणि समोर दूरवरची अवजड वाहने खेचणारा मोठा रस्ता. ही वाहने शहराबाहेरून जावीत म्हणून आग्रा रस्ता, टोंक रस्ता आणि अजमेर रस्ता यांना जोडणारा सुमारे ४७ किलोमीटरचा दक्षिण रिंगरोड बांधला गेला. कल्पना चांगली. प्रतापनगरसारख्या वस्तीच्या तोंडावरून ट्रक जाऊ नयेत, हे कोणाला नको आहे?

पण रस्ता नुसता नकाशावर जोडून भागत नाही, तो चौकात जोडावा लागतो. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे अजमेर रस्त्यावर भांकरोटा इथे स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून वळण घेत होता. समोरून आलेला ट्रक त्याच्यावर आदळला. टँकरची तोंडे तुटली, गॅस रस्ताभर पसरला आणि पेटला. तीसहून अधिक वाहने जळाली, मृतांचा आकडा पुढे वीसच्या आसपास गेला. बसमधले प्रवासी, कामावर निघालेली माणसे, ट्रकमधले चालक जळून गेले. रिंगरोड आणि अजमेर महामार्ग यांच्या जोडणीचे काम पुरे झालेले नसल्यामुळे अवजड वाहनांना पुढे जाऊन त्या मोकळ्या जागेतून वळावे लागत होते, असे तेव्हाच्या वृत्तांत आले.

आता यात दोष कोणाचा? ट्रकचालकाने वेग कमी करायला हवा होता, टँकरचालकाने थांबायला हवे होते, हे बोलणे सोपे आहे. पण भरधाव महामार्गावर लांबलचक टँकरला आडवे वळण घ्यायला लावणारी जागा कोणी ठेवली? ज्वालाग्राही माल नेणारी वाहने तिथून रोज किती वळतात, याची मोजणी कोणी केली होती का? तिथे आधी झालेले किरकोळ अपघात, घासाघीस, थोडक्यात टळलेले प्रसंग कुठे नोंदले होते का? मोठा अपघात एकाएकी येत नाही, त्याआधी लहान इशारे येतात. रेल्वेत कीमन रोज रूळ पायी तपासतो तो याचसाठी. रस्त्याला कीमन नाही.

नवले पुलाचा उतार

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहने ठोकरली. उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडली होती, असे तपासात निघाल्याचे पोलिसांनी सांगितले. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात एका कंटेनरने वाहनांना धडक दिली, आग लागली आणि किमान आठ जण मेले.

उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे धोक्याचे आहे, यात वाद नाही. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-चारदा ब्रेक दाबल्यावर हवा संपत येते. गिअर काढलेला असल्याने इंजिनाचा अडसरही राहत नाही. मग वीस-पंचवीस टनांचा माल ट्रकला ढकलतो.

पण चालक असे का करतो, हा पुढचा प्रश्न कोणीच विचारत नाही. कारण अनेक ठिकाणी फेरीचे डिझेल मालक ठरवून देतो. त्यात वाचले ते चालकाचे, जास्त लागले तर त्याच्या पगारातून कापले. म्हणजे उतारावर वाचवलेला लिटर हा त्याच्या घरच्या भाजीचा पैसा असतो. चालकाला शिक्षा करून हा हिशेब बदलणार नाही. दुसरा चालक त्याच पगारावर, त्याच डिझेलवर, त्याच उतारावर येईल. अपघाताच्या नमुन्यात "चालकाला मोबदला कसा मिळतो" हा एक रकाना असता, तर या उताराचे अर्धे कोडे केव्हाच सुटले असते.

मोजले तर कमी होते

हे सगळे बोलणे हवेतले नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. त्या वर्षापासून राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा कंपनी यांनी मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. एकेका अपघाताची जागा, धडक कशाला बसली, जखम कशाने झाली, हे तपासले गेले. कठड्यांत कुठे फट आहे, पुलाचा उघडा खांब कुठे आहे, कडेला थांबलेल्या ट्रकला मागून धडक कुठे बसते, याचा हिशेब लावून दुरुस्त्या झाल्या. २०१९ साली मृत्यू ९२ वर आले. ९२ हाही लाजिरवाणाच आकडा आहे. पण तीन वर्षांत दरसाल साठेक घरांतली रडारड टळली. महाराष्ट्राचा चालक तीन वर्षांत काही साधुसंत झाला नव्हता. बदल झाला तो रस्त्यात, कठड्यांत आणि देखरेखीत.

या कामाला केंद्र सरकारनेही हात घातला आहे, हे मान्य केले पाहिजे. आय.आय.टी. मद्रास आणि राष्ट्रीय सूचना केंद्र यांनी एकात्मिक रस्ते अपघात माहितीकोश तयार केला. २०२१ साली सहा राज्यांत तो सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि राजस्थान दोन्ही होती. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य या चारही खात्यांनी एकाच अपघाताची आपापली माहिती त्यात भरायची, अशी ही रचना आहे. ती चांगली आहे. पण यंत्र चांगले असून भागत नाही, त्यात काय घालायचे हे कोण ठरवतो ते महत्त्वाचे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे २००१ ते २००३ या काळात मोठ्या ट्रकांच्या ९६३ अपघातांचा सखोल अभ्यास झाला. ज्या अपघातांत निर्णायक कारण ट्रककडे लावले गेले, त्यांत ८७ टक्के वेळा ते चालकाकडे लावले गेले. मालकांना एवढेच हवे होते. पण निर्णायक कारण याचा त्या अभ्यासातला अर्थ होता शेवटच्या क्षणी जे घडले ते. त्याच अभ्यासात २९ टक्के ट्रकांमध्ये ब्रेकच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. शेवटच्या क्षणाचे कारण विचाराल तर स्टिअरिंगवरचा माणूसच सापडेल, कारण शेवटच्या क्षणी तिथे तोच असतो. आदल्या रात्रीचे, आदल्या महिन्याचे आणि टेंडर निघाल्या दिवसाचे कारण विचारा, मग मालक, गॅरेज, ठेकेदार आणि खाते सापडेल.

आक्षेप आणि उत्तर

काही जण म्हणतील, चालक दारू पितात त्याचे काय? ३ नोव्हेंबर २०२५ ला जयपुरातच हरमाडा भागात एका डंपरने एकामागून एक वाहने चिरडली, डझनाहून अधिक माणसे मेली, आणि चालक नशेत होता अशी बातमी आली. दारू पिऊन चालवणाऱ्याची बाजू कोणतीही संघटना घेणार नाही, आम्हीही घेत नाही. त्याला कायद्याप्रमाणे शिक्षा झालीच पाहिजे. पण लोको पायलटला ड्यूटीवर येताना श्वासाची तपासणी द्यावी लागते, आणि ती घेण्याची जबाबदारी प्रशासनावर असते. डंपरच्या मालकावर अशी जबाबदारी का नाही? जिथे गाडी बाहेर पडते तिथेच तपासणी झाली, तर डंपर रस्त्यावर येणारच नाही. शिक्षा माणसे मेल्यावर येते, तपासणी आधी येते.

दुसरा आक्षेप असा की कडक शिक्षेनेच धाक बसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात धडक देऊन न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरचे चालक रस्त्यावर उतरले. मनमाडजवळ पानेवाडीचे इंधनाचे टँकर थांबले आणि दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम सरकारला बाजूला ठेवावे लागले. आता दुसरी बाजू पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत वा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्याने माणूस मेला, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार वा सल्लागाराला दंड किती? एक लाख रुपयांपर्यंत. चालकाला दहा वर्षे, ठेकेदाराला एक लाख! या तराजूला न्याय म्हणायचे?

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे: आपण रेल्वेचे आणि टपालाचे, ट्रकचे आपल्याला काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या ड्यूटीत शोधावे. फाटकाचा आडवा दांडा तोडून घुसणारा ट्रक गेटमनच्या अंगावर येतो. उंचीच्या कमानीला धडकलेला कंटेनर ट्रॅकमनलाच साफ करावा लागतो. मेल मोटर सर्व्हिसचा आपला चालक त्याच महामार्गावर रात्र काढतो, आणि टपालाच्या पार्सलांचा वाढता भाग ठेक्याच्या गाड्यांतून जातो, तिथला चालक किती तास जागा आहे हे पोस्टमास्तरलाही माहीत नसते. राष्ट्रीय रेल्वे योजनेनुसार मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा २७ टक्क्यांवर आला आहे आणि तो २०३० पर्यंत ४५ वर न्यायचा आहे. रुळावरून सुटलेला प्रत्येक टन रस्त्यावर गेला तो जागरणाच्या, जादा भाराच्या आणि कमी पगाराच्या स्वस्ताईमुळे. ट्रकचालकाच्या झोपेची चोरी ही रेल्वे कामगाराच्या नोकरीचीही चोरी आहे.

तासांचा कायदा कुठे गेला?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांच्या सलग कामानंतर अर्धा तास विश्रांती असे बंधन घातले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होता. ज्याच्याकडे एक-दोन ट्रक आहेत त्याचा चालक बाहेरच राहिला, आणि या देशात असेच मालक जास्त. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदाही त्यांत विलीन झाला. जुन्याची अंमलबजावणी कधी झाली नाही, आणि नव्याला आमचा विरोध का आहे हे या अंकातून वेळोवेळी मांडले गेले आहे. लोको रनिंग कामगारांनी तासांसाठी लढा दिला, १९७४ च्या संपात आठ तासांचा दिवस ही मागणी होती. ट्रकचालकाचा तो लढा अजून सुरूही झालेला नाही.

चालकाचे तास मोजता येत नाहीत, हे सांगणे खोटे आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. ट्रक कुठल्या नाक्यावरून किती वाजून किती मिनिटांनी गेला हे मिनिटागणिक नोंदले जाते. ई-वे बिलात माल कुठून कुठे जातो ते असते. टोल घ्यायचा असेल, कर घ्यायचा असेल, तर सरकारला ट्रक क्षणोक्षणी दिसतो. चालक वीस तास थांबलेला नाही, एवढेच तेवढे दिसत नाही! दुसरा चालक गाडीत होता का, एवढा एक रकाना जोडला की थकव्याचा नकाशा तयार होतो.

१ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, याचे स्वागत आहे. पन्नास अंशांच्या केबिनमध्ये माणसाचे डोके चालत नाही, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. पण जुने लाखो ट्रक तसेच आहेत, आणि थंड केबिनमध्येही जागरण ते जागरणच.

आमच्या मागण्या

१. रेल्वे सुरक्षा आयोगाच्या धर्तीवर रस्ते अपघात चौकशी आयोग स्थापन करावा. तो रस्ते मंत्रालयाच्या अखत्यारीत नसावा. ठराविक संख्येहून अधिक मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघाताचा त्याचा अहवाल जाहीर व्हावा.

२. अपघाताच्या नमुन्यात चालकाचे सलग तास, शेवटची झोप, मोबदल्याची पद्धत, माल पोहोचवण्याची ठरलेली वेळ, वजन, ब्रेक आणि टायरची स्थिती हे रकाने सक्तीचे करावेत. थकव्याला वार्षिक अहवालात स्वतंत्र ओळ मिळावी.

३. माहितीकोशातली माहिती, व्यक्तींची नावे वगळून, जनतेला खुली असावी. जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांवर चालकांच्या आणि वाहतूक कामगारांच्या प्रतिनिधींना जागा द्यावी.

४. चौकशीसाठी दिलेला चालकाचा जबाब त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये. नाहीतर खरे कोणी बोलणार नाही आणि आकडे पुन्हा खोटेच राहतील.

५. कामाच्या तासांची मर्यादा एका ट्रकच्या मालकालाही लागू करावी. फास्टॅगच्या नोंदी आधी मालकाविरुद्ध वापराव्यात.

६. टपाल आणि रेल्वे पार्सलच्या ठेक्यांत चालकाचे तास, दुसरा चालक आणि मुक्कामाची सोय या अटी घालाव्यात. आपल्या खात्याचा माल कोणाच्या जागरणावर धावता कामा नये.

यातल्या सहाव्या मागणीसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या डिव्हिजनच्या, आपल्या सर्कलच्या वाहतूक ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी. त्यात चालकाच्या तासांबद्दल एक ओळ तरी आहे का ते पाहावे, आणि नसेल तर पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय लावावा. फाटकावर, सायडिंगवर, मेल ऑफिसच्या दारात ट्रकचे जे किरकोळ धक्के होतात त्यांची तारखेनिशी वही ठेवावी. आयोग जेव्हा होईल तेव्हा होईल, पण कीमनने रूळ तपासायला कधी आयोगाची वाट पाहिलेली नाही.